सतरास एक: लेगोचा टाटा १६१३ उभा करताना

मोटरवर चालणारा, प्रमाणात बसणारा ट्रक लेगोत करायचा, तर पहिला प्रश्न मोटरचा नसतो, टायरचा असतो. बाकी सगळं हवं तसं जुळवता येतं. टायर मात्र ठरलेल्या मापांतच मिळतो, आणि तो ठरला की ट्रकचं प्रमाणही ठरतं. जानेवारी ते ऑगस्ट २०२४ या आठ महिन्यांत टाटा १६१३ चं मॉडेल पूर्ण केलं. काय केलं, काय बिघडलं, किती पैसे आणि किती दिवस गेले, ते त्याच क्रमाने लिहितो आहे. हे काम हाती घ्यावंसं वाटणाऱ्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, त्याच्यासाठी.

हा ट्रक निवडला कारण तो समोर उभा करून मोजता येतो. नावातच बरीच माहिती आहे: १६ म्हणजे साधारण सोळा टन एकूण वजन आणि १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. १४ जानेवारीच्या रविवारी एका गॅरेजच्या परवानगीने टेपने मापं घेतली. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ४.२० मीटर, हौद्याची रुंदी २.४४ मीटर, हौदा सतरा फुटी, केबिन २.२८ मीटर रुंद, १०.००-२० टायरचा व्यास १.०५ मीटरच्या आसपास. मापं घेताना सोबत दुसरा माणूस असू द्या, एकट्याने धरलेली टेप झोल खाते. फोटो काढायचे ते लांब उभं राहून, झूम करून. जवळून काढलेल्या फोटोत केबिन फुगलेली दिसते आणि त्यावरून काढलेली मापं चुकतात.

लेगोत टायरवरच मिलिमीटरमधलं माप कोरलेलं असतं. ट्रकसाठी कामाचे तीन: ४३.२, ४९.५ आणि ६२.४. १०५५ ला ६२.४ ने भागलं की १६.९ येतात, म्हणजे सतरास एक. लेगोतला एक स्टड, म्हणजे ठोकळ्यावरच्या एका गोल उंचवट्याची जागा, ८ मिलिमीटरचा. आता २४४० भागिले १७ म्हणजे १४३.५, बरोबर १८ स्टड. व्हीलबेस २४७ मिलिमीटर, म्हणजे ३१ स्टड. सतरा फूट म्हणजे ५१८२ मिलिमीटर, त्याचे ३०५, म्हणजे ३८ स्टड. इतक्या सरळ मापांत बसणारं वाहन क्वचित सापडतं. ४३.२ चा टायर घेतला असता तर रुंदी साडेबारा स्टड आली असती आणि मागच्या जोडटायरांमध्ये डिफरन्शियलला (वळणावर दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) जागाच उरली नसती. टायर सात घ्या: पुढे दोन, मागे चार आणि एक स्टेपनी.

पुढचे तीन आठवडे संगणकावर गेले. ब्रिकलिंक स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात भाग जोडत गेलं की यादी आपोआप तयार होते. माझ्या आराखड्यात १,३१२ भाग झाले. पण हे सॉफ्टवेअर घर्षण दाखवत नाही, वजन पडल्यावरचा झोल दाखवत नाही, दात घसरलेले दाखवत नाही. पडद्यावर फिरणारा गिअर टेबलावर अडकतो. म्हणून केबिन आणि हौदा पडद्यावर पूर्ण करून मोकळं होणं ही या कामातली सगळ्यांत महागडी चूक आहे. आधी फक्त चेसिस, ॲक्सल आणि मोटरची जागा ठरवा, तेवढेच भाग मागवा, ते चालवा. साज शेवटी.

मोटरीसाठी जुनी पॉवर फंक्शन्स मालिका घेतली. ती बंद झालेली आहे, पण वापरलेली मिळते आणि तिचे आकडे शौकीन लोकांनी मोजून ठेवलेले आहेत. एम मोटर ९ व्होल्टवर ४०५ फेरे मिनिटाला आणि जाम होताना फिरवण्याचा ११ न्यूटन-सेंटिमीटर जोर, एल मोटर ३९० फेरे आणि १८, एक्सएल २२० फेरे आणि ४०. एक्सएल जोरदार असली तरी ५ बाय ५ स्टडची आहे. ती चेसिसच्या दोन रेल्सच्या, म्हणजे लांब दांड्यांच्या, मधे मावत नाही, केबिनमध्ये ठेवावी लागते आणि मग चालकाची सीट जाते. एल मोटर ३ बाय ४ बाय ७ ची. ती रेल्सच्या मधे आडवी झोपते, खऱ्या गिअरबॉक्सच्या जागी.

पुरेल का, ते आधी कागदावर काढलं. मालासह वजन २.२ किलो धरलं. दहात एक चढ आणि चाकांचं घर्षण मिळून वजनाच्या ०.१५ पट ओढ लागते असं धरलं, म्हणजे ३.२४ न्यूटन. टायरची त्रिज्या ३.१२ सेंटिमीटर, म्हणून चाकाशी १०.१ न्यूटन-सेंटिमीटर. वाटेत गिअर आणि जॉइंट तीस टक्के खातात असं मानलं तर १४.४ लागतील. डिफरन्शियलच्या २८ दातांना १२ दातांचा गिअर लावला तर २.३३ पट जोर मिळतो, मग मोटरकडून ६.२ लागतील. १८ पैकी ६.२, साधारण एक तृतीयांश. मोटर रोज त्याच्या पुढे ताणू नये, ती तापते. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे आणि दोन चुकीच्या मोटरी विकत घेण्यापासून वाचवतो.

६ फेब्रुवारीला युरोपातल्या एका विक्रेत्याकडे मागणी नोंदवली: एल मोटर, स्टिअरिंगची सर्व्हो मोटर (ठरावीक कोनातच वळून थांबणारी), सहा एए सेलचा बॅटरी बॉक्स, इन्फ्रारेड रिसीव्हर, रिमोट, टायर-रिम आणि डिफरन्शियल. माल ९२ युरो, टपाल १८, मिळून सुमारे ९,९०० रुपये. पार्सल २१ तारखेला भारतात आलं. दुसऱ्या दिवशी कुरिअरकडून ईमेल: आधार, पॅन, पैसे भरल्याचा पुरावा आणि मालाची यादी पाठवा. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं असल्याने, माल वापरलेला आहे, स्वतःसाठी आहे, विक्रीसाठी नाही, असं सहीचं पत्रही दिलं. ४ मार्चला पार्सल सुटलं, ७ ला घरी आलं. वैयक्तिक वापराच्या मालावर तेव्हा मूळ शुल्क ३५ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि या सगळ्यावर २८ टक्के जीएसटी होता. सगळं मिळून ७७.२८ टक्के. हे शुल्क मालावर आणि टपालखर्चावर, दोन्हींवर लागतं. ७,६५१ रुपये भरले, वर कुरिअरचे ५९०.

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, बाहेरून फक्त तेच मागवा जे इथे मिळतच नाही. बीम (भोकांच्या पट्ट्या), पिना (त्या जोडणाऱ्या छोट्या खुंट्या), प्लेटा (पातळ ठोकळे) इथे वापरलेल्या सुट्या मालात मिळतात. मी पुण्यातून ६,८०० रुपयांत बहुतेक सगळं जमवलं. दुसरं, विक्रेत्याला भागागणिक किंमत लिहिलेलं बिल पार्सलच्या बाहेरच्या पाकिटात घालायला सांगा, आणि त्याची प्रत आधीच आपल्या संगणकात ठेवा. कागद मागितल्याच्या दिवशीच पाठवले तरी बारा दिवस लागले. जे शोधत बसतात त्यांचा महिना जातो.

चेसिसच्या रेल्स १५ भोकांच्या बीमच्या. सांधे समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, गवंडी विटा रचतो तसे एकाआड एक ठेवायचे. एकाच थराची रेल अर्ध्या किलोला मधे ३ मिलिमीटर झुकली. दोन थर घेऊन त्यांच्यात तिरका आधार दिल्यावर झुकणं नजरेला दिसेना. तिरक्या आधाराचं गणित ३-४-५ च्या त्रिकोणाचं, पण भोकं मोजताना एक वाढवायचं: ४, ५ आणि ६ भोकांचे बीम. घट्ट सांध्याला काळ्या किंवा निळ्या पिना, फिरत्या सांध्याला राखाडी किंवा फिकट पिवळसर. अदलाबदल झाली की फिरायला हवं ते जाम होतं आणि स्थिर राहायला हवं ते डुलतं.

३१ मार्चला चेसिस पहिल्यांदा चालली आणि नीट चालली नाही. सगळ्यांत जास्त वेळ इथेच गेला, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या रचनेत मोटरच्या तोंडाशीच ८ दातांवरून २४ वर वेग कमी केला होता, आणि डिफरन्शियलशी २० ते २८. एकूण ४.२ पट. कागदावर जोर भरपूर. पण मोटरपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट आता तिप्पट जोर वाहत होता. हा शाफ्ट ज्याचा केला तो लेगोचा लांब ॲक्सल, म्हणजे प्लॅस्टिकची दांडी, पिळला जातो. बारा स्टडचा ॲक्सल चढावर उघड्या डोळ्यांना पिळलेला दिसतो. मोटर सुरू केली की आधी शाफ्ट पीळ खायचा, मग गाडी धक्क्याने सुटायची. मागचा ॲक्सल स्प्रिंगवर असल्याने शाफ्टचा पीळ त्यालाही फिरवायचा आणि ट्रक एका अंगावर बसायचा. चौथ्या दिवशी युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टला कोनात वळू देणाऱ्या सांध्याच्या) कानाला तडा गेला.

उपाय साधा आहे आणि खऱ्या ट्रकमध्ये तोच असतो: वेग कमी करायचा तो शक्यतो शेवटी, क्राऊन-पिनियनशी, म्हणजे डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेल्या काटकोनातल्या गिअरजोडीशी. शाफ्ट हलका आणि वेगाने फिरू द्यायचा. ८-२४ ची जोडी काढून टाकली, मोटर थेट शाफ्टला जोडली, डिफरन्शियलशी २० ऐवजी १२ दातांचा गिअर घातला. चाकाशी तेवढाच जोर असताना शाफ्टवरचा जोर आता पूर्वीच्या साठ टक्के. शाफ्टचे दोन तुकडे केले, मधे आधार दिला. पीळ जवळपास गेला.

मग १२ दातांचा गिअर घसरू लागला. चढाच्या पायथ्याशी कट-कट-कट असा आवाज येतो आणि गाडी जागेवरच थांबते. त्या वेळी मोटर लगेच बंद करा, दात गोल झाले की तो गिअर कायमचा गेला. कारण असं की काटकोनातले दोन गिअर जोर आला की एकमेकांना दूर ढकलतात, आणि भोवतीची चौकट अर्धा मिलिमीटर जरी उघडली तरी दात सुटतात. सुट्या बीमची चौकट कितीही पिना लावून उघडतेच. ५ बाय ७ ची एकसंध चौकट मिळते, डिफरन्शियल तिच्यात नेमकं बसतं. ती घातली, १२ च्या गिअरच्या पाठीमागे बुश (ॲक्सलवर चढणारी छोटी कडी) दाबून बसवला, घसरणं थांबलं. हे जुळवायला १९ एप्रिल उजाडला.

मागच्या ॲक्सलला पुढे-मागे धरायला दोन लांब दुवे आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दुवा, दोन्ही टोकांना बॉल-जॉइंट. पाटे, म्हणजे ट्रकच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मी आधी खरेच करून पाहिले, अर्ध्या जाडीचे बीम एकावर एक रचून. दिसायला फार सुरेख. पण प्लॅस्टिक सतत ओझ्याखाली राहिलं की वाकलेलंच राहतं. तीन आठवड्यांत मागचा भाग ४ मिलिमीटर खाली आला. आता वजन साडेसहा स्टड लांबीच्या कडक स्प्रिंगा पेलतात, त्या रेलच्या आत तिरप्या बसवल्या आहेत, आणि पाटे फक्त दिसण्यापुरते बाहेर आहेत.

घर्षण तपासायची एक रीत प्रत्येक टप्प्यावर पाळा. मोटर काढा, गाडी उचला, मागचं चाक बोटाने फिरवा. बोट काढल्यावर ते अर्धा फेरा तरी स्वतःहून फिरलं पाहिजे. लगेच थांबलं तर कुठेतरी बुश दाबून बसला आहे. बुश आणि बीम यांच्यात कागद सरकेल एवढी फट ठेवायची. प्रत्येक गिअरच्या दोन्ही बाजूंना ॲक्सलला आधार हवा. एकाच बाजूने धरलेला गिअर ओझ्याखाली मान टाकतो.

स्टिअरिंगचं गणित मे महिन्यात बसलं. सर्व्हो मोटर मधून दोन्हीकडे पाव-पाव फेरा फिरते, प्रत्येक बाजूला सात पायऱ्या. तिच्यावर ८ दातांचा गिअर लावला तर दातेरी पट्टी ६.३ मिलिमीटरच सरकते, १६ दातांचा लावला तर १२.६. चाकाच्या खुंटापासून (ज्याभोवती चाक डावीकडे-उजवीकडे वळतं त्या खिळीपासून) दुव्यापर्यंतचा हात ३ स्टड, म्हणजे २४ मिलिमीटर ठेवला. १६ दातांना चाक साधारण ३२ अंश वळतं, जे ट्रकला शोभतं. हात २ स्टडचा ठेवला असता तर ५२ अंश वळून टायर रेलला घासला असता. दोन्ही हात सरळ मागे न ठेवता अर्धा स्टड आतल्या बाजूला झुकवले, म्हणजे वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं आणि टायर फरशीवर खरवडत नाही.

तरी गाडी सरळ जाईना. गिअर, पट्टी, चार बॉल-जॉइंट, प्रत्येक ठिकाणी थोडी ढिलाई, ती सगळी चाकाशी येऊन साठते. एक छोटा रबर पट्टीला लावून तिला कायम एकाच बाजूला हलकं ओढून धरलं, आणि मधली जागा त्या हिशेबाने पुन्हा लावली. ढिलाई तिथेच राहते, पण चाक डुलायचं थांबतं. रबर दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो, आपल्या हवेत तो चिकट होतो.

रिमोट निवडताना नीट बघा. दोन दांड्यांचा साधा रिमोट सर्व्होला पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडेच नेतो. आगगाडीसाठीचा, दोन चकत्यांचा रिमोट घ्या. त्यात सातही पायऱ्या मिळतात आणि लाल बटण दाबलं की चाकं मधे येतात. इन्फ्रारेड उन्हात चालत नाही, म्हणून ही गाडी घरातली. रिसीव्हरचा डोळा उघडा राहिला पाहिजे, तो कुठे लपवायचा हा प्रश्न आपल्या ट्रकने छान सोडवला: केबिनच्या टपावरचा ताज, म्हणजे शोभेचा मुकुट. त्याच्या मधल्या कमानीत गडद पारदर्शक तुकड्यामागे तो बसला.

केबिनला जून-जुलै लागला. तिची रुंदी १७ स्टड, हौद्याची १८. चेसिसची रुंदी विषम असते, कारण शाफ्ट मधल्या भोकातून जातो, हौदा सम. दोन्हींचे मध्य अर्ध्या स्टडने चुकतात. दोन स्टड लांबीच्या प्लेटवर मधोमध एकच स्टड असतो, तिला जंपर म्हणतात. हौद्याखाली अशा बारा प्लेटा घातल्या, हौदा ४ मिलिमीटर सरकून बरोबर मधे आला. पुढची जाळी आडव्या ठोकळ्यांची आहे. पाच प्लेटांची जाडी १६ मिलिमीटर, म्हणजे नेमके दोन स्टड, एवढं लक्षात ठेवलं की आडवं-उभं कुठेही फट न ठेवता जुळतं.

हौद्याच्या फळ्या तपकिरी टाइलांच्या (वर स्टड नसलेल्या गुळगुळीत तुकड्यांच्या), मागचा फाळका बिजागरीवर खरा उघडतो. बॅटरी बॉक्स हौद्याच्या तळाखाली, मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे: तिथलं वजन मागच्या चाकांना पकड देतं. हौद्याचा तळ चार पिनांवर आहे, त्या ओढल्या की तो उचलून सेल बदलता येतात. ही सोय पहिल्याच दिवशी आखा. नंतर ती घालायची म्हटलं तर हौदा पूर्ण सोडवावा लागतो. सेल रिचार्जेबल घेतले, चार्जरसह १,९०० रुपये. सहा मिळून ९ ऐवजी ७.२ व्होल्ट देतात, वेग सुमारे एक पंचमांश कमी होतो, पण ओझ्याखाली ते टिकून राहतात. चाकं अडकली आणि सगळंच बंद पडलं तर घाबरू नका. जास्त प्रवाह गेला की बॅटरी बॉक्समधलं संरक्षण वीज तोडतं; थोडं थंड होऊ दिलं की पुन्हा चालू होतं.

शेवटी हरवलेले, कमी पडलेले किरकोळ भाग १,१५० रुपयांचे. सगळा खर्च २७,९९१ रुपये.

२५ ऑगस्टला शेवटची चाचणी घेतली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ट्रक १,६७० ग्रॅम. रिकामा असताना फरशीवर दोन मीटर ५.६ सेकंदांत, म्हणजे खऱ्या ट्रकच्या हिशेबाने ताशी सुमारे २२ किलोमीटर. मग १.२० मीटरची फळी १२ सेंटिमीटर उचलून ठेवली आणि हौद्यात अर्ध्या किलोची साखरेची पिशवी. पाच सेकंदांत वर गेला, कट-कट नाही, ट्रक एका अंगावर झुकला नाही. सलग दहा वेळा चढवला, मोटर हाताला कोमट लागली.

एक काम राहिलं आहे. पुढचं चाक वळताना खुंटापासून लांब असल्याने मोठा कमानीसारखा फेर घेतं आणि पूर्ण वळणावर मडगार्डच्या मागच्या कडेला टेकतं. सध्या मडगार्ड एक प्लेट वर उचललं आहे, त्यामुळे चाकावरची फट खऱ्या ट्रकपेक्षा ३.२ मिलिमीटर जास्त दिसते. खोल रिम घातलं तर खुंट टायरच्या आत सरकेल आणि मडगार्ड खाली आणता येईल. त्या मापाचे दोन रिम शोधतो आहे.